अंगठा जुळत नाही

अशोक चौकातल्या माझ्या सेवा केंद्रात
झेरॉक्स दोन रुपये, लॅमिनेशन वीस,
अंगठ्याला काही घेत नाही मी.
तरी राजम्मा बिर्रूचा अंगठा लागत नाही.

ती तो पदराला पुसते, फुंकते.
मी काच पुसतो ओल्या फडक्यानं.
दिवा क्षणभर विचारात पडल्यासारखा
आणि मग लाल.
नोंद जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.

एकेचाळीस वर्षं, दिवसाला हजार विड्या.
पान भिजवायचं, कातरायचं, तंबाखू भरून वळायचं,
नखानं तोंड दुमडायचं, दोरा.
बोटांच्या रेघा धुरातून गेल्या
असलं काहीतरी मी बोलणार होतो,
तेवढ्यात तीच म्हणाली,
'कारखान्यातला चेकर छाट काढतोय की,
तसंच करलालंय बे तुझं मशीन.
चांगली विडी बी फेकतंय.'

चार महिने रेशन बंद.
फेब्रुवारीत बायका निघाल्या पूनम गेटला,
डोक्यावर रिकामी सुपं,
दोन घोषणा तेलुगूत, एक मराठीत,
बसायला बंद पडलेल्या गिरणीची विरलेली चादर.
ती तिसऱ्या रांगेत होती, तोंडात पान,
पदर कपाळापर्यंत.

नवव्या दिवशी नोटीस आली.
'वाच.'
वाचली.
नाव बरोबर. वय बरोबर.
वारलेल्या नवऱ्याचं नाव, बरोबर.
विडी घरकुलातला खोली नंबर, मोबाइल नंबर,
आणि मोर्चाचा निरोप जिथून पुढं गेला
तो 'श्री मार्कंडेय महिला भिशी' गट,
तोही बरोबर, श्रीसकट.
शांतता भंग होण्याची शक्यता.
खुलासा सात दिवसांत.

राजम्मा बराच वेळ कागदाकडं बघत राहिली.
'म्हंजे मी हाय.'
'हो.'
'मग ह्योच कागद रेशनवाल्याला दावू का?
सरकारनंच लिवलंय, मीच मी म्हणून.'

मला हसू आलं नाही.
कारण मोर्चा माझ्या दारावरून गेला होता,
आणि ज्यानं तिला एका झटक्यात ओळखलं,
पदर पुसायला न लावता,
तो पांढरा घुमट चौकातल्या खांबावरचा नव्हे,
माझ्या शटरवरचा.
दोघं आले होते साध्या वेशात. चहा नको म्हणाले.
पेन ड्राइव्ह त्यांचाच.
मी लेखी काही मागितलं नाही.
पोच म्हणून अंगठा दिला,
माझा लगेच उमटला, रेघ न् रेघ.

ती सांगत होती,
'सासऱ्याचा बाप मार्शल लॉत लपलेला, साखर पेठेत,
माळ्यावर, सुताच्या गठ्ठ्यामागं.
गोरा शिपाई घरोघर हिंडला म्हणं त्याच्यापायी,
पाय सुजले त्याचे.'
मग जरा थांबून,
'आता कुणाचे पाय सुजत न्हाईत.'

मी कीबोर्ड पुढं ओढला.
'खुलाशात काय लिहू?'
'लिव, मी होते.'
'आणि?'
'आणि परत बी येणार हाय.
तारखेची जागा मोकळी सोड.'

शाईच्या पॅडवर तिनं अंगठा दाबला.
कागदावर एक निळा लंबगोल उठला,
आत काहीच नाही,
उन्हाळ्यात तळ्याचा तळ असावा तसा गुळगुळीत.

पायरी उतरताना तिनं वर पाहिलं.
'ते काय बघलालंय बे?'
'कॅमेरा. इन्व्हर्टरची बॅटरी चोरीला गेली होती ना,
तेव्हापासून.'
तिनं पदर सारखा केला, फोटोला करतात तसा.
'मग घावली?'
'काय?'
'बॅटरी.'